काकांचा अंगठा

दिवा राहू दे तसाच. ज्याला ऐकायचंय त्यानं फोन खिशात घालावा, नाही त्यानं खुशाल आत जाऊन झोपावं. पण मध्येच "हे खरं का?" म्हणून तोंड घालायचं नाही. माझ्या धाकट्या साडूच्या बाबतीत घडलंय हे, आणि त्या माणसाला थापा मारता येत नाहीत. नुसती सुरुवात केली तरी कान लाल होतात त्याचे.

गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरचा दुसरा रविवार. साडू नुकताच ताटावरून उठला होता. अकरा वाजून गेले असतील, तेवढ्यात त्याच्या मित्राचा फोन आला. "अरे, परगावाहून येतोय आत्ता. खालचं दार माझा अंगठाच घेत नाहीये. जरा येऊन जातोस का?" साडूनं शर्ट चढवला, हत्यारांची पिशवी घेतली. बायको म्हणाली, "रविवारी रात्रीसुद्धा का?" तर म्हणे, "मीच बसवलंय, मग निस्तरायचं कोणी?" आणि स्कूटर काढली.

धंदाच तो त्याचा. इमारतींमधले जुने इंटरकॉम काढायचे, ते पिळाच्या वायरीचे, कानाला लावले की माणसाआधी खरखरच ऐकू येणारे, आणि त्यांच्या जागी नवे बसवायचे. खाली काचेचं दार, दाराशेजारी कॅमेरा आणि बटणांचं पॅनल, वर घराघरात स्क्रीन. राहणाऱ्यानं अंगठा टेकवला की दार उघडतं. पाहुण्यानं घराचा नंबर दाबला की वर बेल वाजते, मग वरच्यानं बघून आत घ्यायचं. मित्राच्या इमारतीचं काम साडूला मिळालं ते मित्रामुळेच. तिथल्या कमिटीचा अध्यक्ष ना तो.

मित्र म्हणजे शाळेत एका बाकावरचा. साडूचे वडील लवकर गेले, तेव्हापासून हा त्यांच्याच घरी पडीक. मित्राच्या वडिलांना काका म्हणायचा. काकांनी दोन्ही पोरांत कधी डावं-उजवं केलं नाही. अभ्यासात ह्याचं डोकं चालेना, तेव्हा पहिला टेस्टर काकांनीच आणून दिला. म्हणाले, "तुझी बोटं हुशार आहेत, त्यांना कामाला लाव." नवं पॅनल बसलं तेव्हा साडूनं सगळ्यात आधी अंगठा घेतला तो काकांचा. म्हातारा काय खूश! दिवसभर खालीवर करत होता, दिसेल त्याला दार उघडून दाखवत होता.

आता साडूची एक रीत होती, ती ऐका. कोणाचा अंगठा मशीनमधून काढायचा झाला, तर आधी त्या माणसाला स्वतः फोन करायचा. घर सोडलंत का, काढू का? त्याच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय हात लावायचा नाही. घरमालक-भाडेकरूची भांडणं असतात, नवरा-बायकोची असतात, आपल्या हातून कोणी घराबाहेर पडायला नको. ऑक्टोबर संपता संपता मित्राचा फोन आला. "बाबा ताईकडे गेलेत, आता तिकडेच राहणार. त्यांचा अंगठा काढून टाक." आणि साडूनं काढला. घरी बसून, चहा पिता पिता, मोबाइलवरून. काकांना फोन केला नाही. सख्ख्या मुलाच्या शब्दावर, त्यातून ह्या मित्राच्या, शंका कसली घ्यायची?

त्याच आठवड्यात काका सकाळी इमारतीच्या पायरीवर सापडले. काचेच्या दाराला टेकून बसलेले. रात्रीच्या गारठ्यात बसल्या जागीच गेले होते.

मित्र म्हणाला, ताईकडून न सांगता परत आले असणार, आमच्याकडे बेल वाजलीच नाही रे. शेजारी हळहळले, आमचं बटण दाबायचं ना. म्हाताऱ्यानं कोणाचंच दाबलं नव्हतं. साडू तर पार खचला. त्याला वाटलं, आपलीच लाइन मेली. पॅनलपासून घरापर्यंत कुठेतरी जोड सैल राहिला आणि आपल्या कामानं काकांचा जीव घेतला. चारचौघांत ढसाढसा रडला. तर मित्रानं पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. मशीन आहे ते. मी तुला माफ केलं."

ते 'माफ केलं' उरावर घेऊन हा फिरत होता. अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. त्या दारापाशी जायचा धीर होईना. त्या रविवारी निघाला तेव्हा मनाशी एकच ठरवलं होतं, काहीही होवो, ती लाइन आज तपासायची.

पोचला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मित्र दारापुढे बॅग घेऊन उभा, एकटाच. बायको-मुलं दोन दिवसांनी येणार होती, घराला कुलूप. साडूनं त्याला अंगठा टेकवायला लावला. लाल दिवा. पुसून परत टेकवला. लाल. साडूनं स्वतःचा टेकवला. हिरवा, आणि दार खट् करून सुटलं. त्यानं ते पायानं अडवून धरलं.

"उघडलं ना, झालं," मित्र म्हणाला. "बाकी उद्या बघ."

"थांब, एवढी लाइन बघतो." आणि त्यानं मित्राच्याच घराचा नंबर दाबला.

"अरे, घरात कोणी नाहीये. कशाला वाजवतोस?"

"उचलायला कोणी नकोच आहे. वाजते का, तेवढं कळलं की बस."

वाजली. पहिल्या मजल्यावरून, जिन्यातून, खणखणीत ऐकू आली. साडूचा जीव भांड्यात पडला. लाइन चांगली होती. त्याचं काम चोख होतं. आणि मग त्याच्या डोक्यात आलं... लाइन चांगली, तर त्या रात्री... त्यानं मान वळवून मित्राकडे पाहिलं. मित्र जमिनीकडे बघत होता.

तेवढ्यात वर बेल थांबली.

कोणीतरी उचललं होतं.

नवं मशीन, आवाज स्वच्छ. श्वास ऐकू येत होता. मग घसा खाकरला. बोलायच्या आधी काका खाकरायचे... तसाच.

"कोण?"

साडू पॅनलकडे वाकला. "काका..."

वरून परत खाकरल्याचा आवाज आला.

"तू नाही रे. तुझ्या शेजारी... कोण उभंय?"

मित्राच्या हातातून बॅग सुटली. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"बाबा... मी आहे."

...

"हो का." आवाजात राग नव्हता. थकलेला होता. "त्या रात्री... मीही हेच सांगत होतो."

आणि फोन ठेवला.

मित्र मटकन पायरीवर बसला. साडूनं एक शब्द विचारला नाही, तरी सगळं ओकला. काका ताईकडे गेलेच नव्हते. रोज संध्याकाळी खाली जाऊन बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे, घरातलं बाहेर सांगायचे. अध्यक्षाला त्याची लाज वाटायची. "वाटलं, एकदा बाहेर अडकले की अद्दल घडेल. बेल वाजली, मी उचलली. 'मी आहे रे' म्हणाले. मी फोन ठेवला. परत वाजली... मग मी आवाज बंद केला. वाटलं, शेजाऱ्याचं बटण दाबतील."

नाही दाबलं. माझा मुलगा दार उघडत नाही, असं शेजाऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? घरातलं बाहेर सांगायचा म्हणे म्हातारा. जीव गेला, पण हे सांगितलं नाही त्यानं.

"त्यांचा अंगठा माझ्या हातानं काढवलास," साडू म्हणाला. "आणि वर मलाच माफ केलंस." इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस, आणि आपण त्याला ओळखतच नव्हतो.

तरीही साडू वर गेला. एकेक पायरी. मित्र मागे. मित्रानं कुलपात किल्ली घातली. फिरली. दार हललं नाही. ढकललं. खांदा लावला. नाही.

"बाबा... उघडा ना."

आत काही नाही.

"बाबा..."

साडू वळला आणि खाली उतरून घरी निघून आला. मित्र रात्रभर दाराबाहेर बसून होता. शेजाऱ्यांना उठवायला त्याचंही तोंड झालं नाही.

सकाळी सुतार आला. साडूच्या ओळखीचा, पुढचं त्यानंच सांगितलं. दार कापावं लागलं. आत गेले. खिडक्या बंद, बाहेरून गज. खोल्या पाहिल्या, कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं... आत कोणी नव्हतं. मग सुतारानं कापलेलं दार उचलून भिंतीला टेकवलं, तेव्हा त्याची नजर गेली. आतल्या दोन्ही कड्या लावलेल्या होत्या. वरचीही, आणि खालचीही.