अंधेरगढची ठकठक

"धोका! सरासर धोका! फसवलं आपल्याला!" ध्रुवने उशी उचलून टीव्हीवर भिरकावली. नेम नेहमीसारखाच चुकला आणि उशी रुचिकाच्या हातातल्या वाटीवर जाऊन आदळली. दिवाणखानाभर शंकरपाळे!

"अबे, मेरे शकरपारे!" रुचिका किंचाळली. पण वेचायला ती काही उठली नाही. कुणीच उठलं नाही. पडद्यावर नावं सरकत होती आणि 'अंधेरगढ' मालिका कायमची संपली होती.

आठ आठवडे! दर शुक्रवारी एक भाग. कनक नावाची मुलगी हरवलेल्या आईला शोधत अंधेरगढ किल्ल्यात शिरते. किल्ल्याला सात दारं. प्रत्येक दार उघडताना काहीतरी देऊन टाकायचं: कधी स्वतःची सावली, कधी स्वतःचं नाव. आणि सगळ्यात भारी म्हणजे ती ठकठक! प्रत्येक भागात दिवा मंद झाला, की कुठूनतरी तीनदा ठक, ठक, ठक व्हायचं. ती कोण करतं यावर ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या पोरांमध्ये पैजा लागल्या होत्या.

आणि आज काय झालं? कनकने सातवं दार उघडलं. आत रिकामी खोली. 'यहाँ तो कुछ भी नहीं है,' असं म्हणून ती सरळ घरी निघून गेली. खेळ खलास!

"और वो ठकठक? वो किसकी थी?" रुचिकाने विचारलं. ती शेजारच्या घरातली. मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदीतच.

ध्रुवची मोठी बहीण निवेदिता फोनमध्ये डोकं खुपसून बसली होती. वर्गाच्या ग्रुपवर धडाधड निरोप येत होते. 'तेरी मौसी ने तो पोपट बना दिया!' कारण 'अंधेरगढ'ची मूळ मराठी गोष्ट लिहिली होती अपर्णामावशीने. त्यांच्या सख्ख्या मावशीने! दोन महिने निवेदिता शाळेत मान ताठ करून फिरत होती, आणि आता दिवाळीची सुट्टी संपूच नये असं तिला वाटायला लागलं.

ध्रुवने तोवर फोन लावलासुद्धा. "मावशी! हे काय केलंस तू?"

 पलीकडून मावशीचा बारीक आवाज आला, "नाही जमलं रे बाळा. आता पुन्हा नाही लिहिणार. ठेवू?"

फोन बंद झाला. 

"मावशी भांडली नाही," निवेदिता हळूच म्हणाली. "कॅरमच्या एका सोंगटीसाठी ती ध्रुवशी तासभर भांडते. आणि आज नुसतं 'ठेवू?' काहीतरी गडबड आहे!"

"हेमेंद्रकाकाला विचारू या!" ध्रुव ताडकन उठला. "तो आज सेटवर आहे. चार वाजेपर्यंत सेट तोडून टाकणार, म्हणत होता."

हेमेंद्रकाका पलीकडच्या गल्लीतला. मालिकेच्या कंपनीचा ग्वाल्हेरमधला माणूस. गाड्या, जेवणं, परवानग्या सगळं तोच बघायचा. मावशीची मराठी गोष्ट हिंदीत करून द्यायचं कामही त्याच्याचकडे होतं.

हजिरा भागातल्या ज्या बंद गोदामात सेट होता, तिथे तिघं पोचले तेव्हा दोन वाजत आले होते. ध्रुव धावतच आत शिरला. पाच दारं जमिनीवर आडवी पडली होती. सहाव्यावर सुतारांचं काम चाललं होतं. सातवं तेवढं उभं होतं.

"शेवट बदलला? कोण म्हणतं?" हेमेंद्रकाका उखडला. "अरे, तुमच्या मावशीनेच लिहून दिला आहे! ये देखो." त्याने फोनवरचा फोटो समोर धरला. "डेंगू झाला होता न तिला? मी स्वतः अस्पतालात गेलो. नर्स हाकलत होती, फटाफट फोटो काढला अन् निघालो."

वहीचं एक पान होतं. तापात लिहिलेलं, वेडंवाकडं, पण अक्षर मावशीचंच! शेवटची ओळ होती: 'कनक सातवं दार उघडते. खोली खाली'

"पढ लिया? खोली खाली! आता मी तिथे काय हत्ती उभा करू? गरिमा मॅडमना आधीच लोक शिव्या देऊन राहिलेत. जा आता, डोकं नका खाऊ!"

गरिमा मॅडम म्हणजे मालिकेच्या दिग्दर्शिका. त्या लांब एका खुर्चीवर कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

तिघं मान खाली घालून बाहेर आले. म्हणजे मावशीनेच लिहिलं होतं!  ध्रुवने रुचिकाची पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि शेवटी उलटी करून झटकली.

"बाटली खाली झाली," तो म्हणाला.

निवेदिता रस्त्याच्या मधोमध थबकली. मागून टेम्पोवाला जोरात हॉर्न मारत होता, पण तिला पर्वा नव्हती. "काय म्हणालास?"

"खाली झाली. मी एकट्याने नाही हं प्यायलो!"

"ते नाही रे! तू असं बोललास की मावशी काय म्हणते?"

ध्रुवने कमरेवर हात ठेवून मावशीची हुबेहूब नक्कल केली. "'रिकामी म्हण रे गाढवा, रिकामी! खाली म्हणजे नीचे!' दहादा सांगून..." आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये ग्लास 'खाली' होतो, डबा 'खाली' होतो, सुट्टीत गल्लीसुद्धा 'खाली' होते. आपण हिंदीतला शब्द बोलतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. अपवाद एकच, अपर्णामावशी! तिच्या घरात सगळं रिकामंच व्हायचं.

"खोली रिकामी नाहीये. खोली खाली आहे! जमिनीखाली!" निवेदिताचा श्वास फुलला. "आणि त्या ओळीला पूर्णविराम नव्हता! मावशी फोनवरच्या निरोपातसुद्धा पूर्णविराम देते. म्हणजे वाक्य पुढच्या पानावर गेलंय. काकाने पानच उलटलं नाही!"

रुचिकाच्या अंगावर काटा आला. "मतलब... वो ठकठक नीचे से आ रही थी?"

"नुसतं सांगून काका ऐकणार नाही. म्हणेल, लोक बोलले म्हणून आता बदलताय. वही दाखवायला हवी, आणि तीसुद्धा चारच्या आत. दार पाडलं की कोण कशाला पुन्हा उभारतंय? पळा!"

किला गेटजवळच्या मावशीच्या इमारतीचे तीन जिने तिघं दोन-दोन पायऱ्या घेत चढले. अपर्णामावशी ओल्या फडक्याने कपाट पुसत होती. वह्यांचं कपाट! त्यात एकही वही नव्हती.

"मावशी, आठव्या भागाची वही कुठाय?"

"सकाळी दिली रद्दीत. सगळ्याच दिल्या, नवीन गोष्टीच्या पण." मावशी हसायचा प्रयत्न करत होती. डोळे मात्र सुजले होते. "कान्होजी रद्दीवाल्यांची हातगाडी आली होती. बरं झालं, दिवाळीची सफाई झाली. मालिकावाल्यांना माझा शेवट आवडला नाही, त्यांनी काढून टाकला. माझ्यात तेवढंच असेल, निवी. कशाला उगाच कागद जपायचे?"

निवेदिताला रडू फुटणार होतं. मावशीला आत्ताच सगळं सांगावं असं तिला फार वाटलं. पण वही मिळाली नाही तर? आधी वही! "रुचिका, तू इथेच थांब. मी फोन केला की मावशीला सेटवर घेऊन ये. उचलून आणावी लागली तरी!"

"कुठल्या सेटवर? अगं, काय चाललंय?" मावशी विचारत राहिली आणि बहीणभाऊ जिन्यावरून दिसेनासे झाले.

कान्होजींचं रद्दीचं गोदाम दोन गल्ल्या सोडून होतं. दारात ट्रक उभा, आणि ट्रकमध्ये कागदाचे गठ्ठे चढत होते!

"काका, एक वही शोधायची आहे. प्लीज!"

"अगं पोरी, गठ्ठे बांधून झाले." कान्होजींनी मिशीवरून हात फिरवला. "एकदा दोरी आवळली की मी उघडत नसतो. पाच मिनटात ट्रक पेपर मिलला जाणार. हटो, हटो!"

निवेदिताने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सफेद कागज में गत्ता मिला तो माल वापस!' गत्ता म्हणजे पुठ्ठा! तिने ध्रुवला कोपराने ढोसलं. ध्रुवला एवढं पुरलं.

"जाऊ दे ताई," तो मोठ्याने म्हणाला. "मावशीच्या वह्यांना जाडजूड पुठ्ठ्याची जिल्द होती. सफेद कागदात गेली असेल. मिलवाले बघून घेतील!"

कान्होजींचा हात मिशीवरच थांबला. "जिल्द? काढली नाही का रे जिल्द?" माल चढवणारे दोघंही आकाशाकडे बघायला लागले. सकाळी जिल्दी काढायचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. "अरे, मेलो! सगळा माल परत येईल! उघडा गठ्ठे!"

भराभर दोऱ्या सुटल्या. एक वही सापडली, दोन, चार, सात... मग नव्या गोष्टीच्या तीन. आठवी काही मिळेना! तेवढ्यात ट्रकचं इंजिन घरघरलं.

"एक गठ्ठा ट्रकमध्ये आहे!" निवेदिता मागून वर चढली. ध्रुव धावत जाऊन ट्रकसमोर खाली बसला.

"ओए, मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

"एक मिनिट भैया, जूते का फीता बाँध रहा हूँ!"

ड्रायव्हर वाट बघत राहिला. अर्ध्या मिनिटाने त्याने खिडकीतून मान बाहेर काढून नीट पाहिलं आणि तो लालबुंद झाला. "अबे, तूने तो चप्पल पहनी है!"

"मिळाली!" वरून निवेदिताची आरोळी आली. तिच्या केसांत कागदाचे कपटे होते आणि हातात होती निळी वही, अंक आठ.

तिने तिथेच शेवटचं पान उघडलं. 'कनक सातवं दार उघडते. खोली खाली'. तिने पान उलटलं. वाचता वाचता तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. ध्रुवने वही ओढून घेतली, वाचली, आणि तो प्रवासी टेम्पो थांबवायला रस्त्याकडे पळाला.

सेटवर पोचायला पावणेचार झाले. सहावं दार गेलं होतं. सातव्याच्या वरच्या बिजागरीचे स्क्रू निघत होते.

"थांबा!"

"फिर आ गए?" हेमेंद्रकाकाने दोन्ही हात पसरून वाट अडवली. "मराठी मला शिकवता? तीन पिढ्या आम्ही घरी मराठी बोलून राहिलो!"

"मग एक चिठ्ठी वाचून दाखवाल?" निवेदिताने अगदी गोड आवाजात विचारलं. मघाशी काकाच्या टेबलावर काय काय होतं ते आठवून चिठ्ठी तिने टेम्पोतच लिहून ठेवली होती. ती बोलत असताना ध्रुव काकाच्या टेबलाकडे जाऊन आला होता. "तुमच्या गाडीची किल्ली कुठे आहे ते लिहिलंय यात."

"किल्ली?" काकाने खिसे चाचपले, टेबलाकडे पाहिलं आणि चिठ्ठी हिसकावली. "'किल्ली – डबा खाली'. हे काय?" टेबलावरचा खिळ्यांचा डबा उघडून त्याने उलटा केला. "हो, खाली तर आहे! इथे किल्ली कुठे?"

आवाज ऐकून गरिमा मॅडम उठून आल्या होत्या. ध्रुवने शांतपणे डब्याच्या जागेवरचं वर्तमानपत्र उचललं. खाली किल्ली होती.

"डब्याच्या खाली, काका! नीचे!"

मॅडम किल्लीकडे बघत राहिल्या. मग चिठ्ठीकडे. मग त्यांनी सावकाश मान वळवून सातव्या दाराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हेमेंद्र... वो कमरा खाली नहीं था? वो कमरा नीचे था?"

हेमेंद्रकाका मटकन खोक्यावर बसला. "रुको! कोई उस दरवाज़े को हाथ नहीं लगाएगा!" मॅडम ओरडल्या.

निवेदिताने फोन केला, आणि दहा मिनिटांत रुचिका मावशीला अक्षरशः ओढतच घेऊन आली. निवेदिताने आठवी वही तिच्या हातात ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मावशीने वही छातीशी धरली. 

"अपर्णाजी, गलती हमारी है," मॅडम म्हणाल्या. "मुझे आपको एक फोन करना चाहिए था."

"फोन तर मीही केला नाही," मावशी म्हणाली. "माझा शेवट वाईटच असणार, हे मीच आधी मान्य करून टाकलं."

"आप पढ़िए ना, मौसी," रुचिकाने वही उघडून दिली. "मैंने भी अभी तक नहीं सुना!"

मावशी वाचू लागली.  "'खोली खाली आहे, जमिनीच्या पोटात. दिवा दारातच ठेवून जायचं, ही सातव्या दाराची अट. कनक अंधारात पायऱ्या उतरते. ठकठक जवळ येते. ती हात पुढे करते, आणि समोरून कुणीतरी तो घट्ट धरतं. किती दिवस वाजवत होते गं मी, आई म्हणते.'"

रुचिका हमसून हमसून रडत होती. मॅडमनी डोळे पुसले. "यही शूट होगा. नया आखिरी भाग! और इन तीनों का नाम परदे पर आएगा. इन बच्चों ने मेरी सीरीज बचा ली!"

"अन् मला काय शिक्षा, अपर्णा?" हेमेंद्रकाका पुटपुटला.

"तू रोज पाच वाजता माझ्याकडे शुद्धलेखनाला यायचं!" मावशीने फर्मावलं. अस्सल भांडखोर आवाजात! ध्रुवने निवेदिताला डोळा मारला आणि मग एकदम गंभीर होऊन तो मावशीजवळ गेला.

"मावशी, मी मघाशी फोनवर ओरडलो. सॉरी."

"ओरडलास ते बरं केलंस." मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बाकी कुणी विचारलंसुद्धा नाही मला. शाब्बास रे पोरांनो. मी टाकून दिलेलं तुम्ही शोधून आणलंत."

सातव्या दाराजवळचा म्हातारा सुतार एवढा वेळ पेचकस हातात धरून उभा होता. तो घसा खाकरून म्हणाला, "बहनजी, एक बात बताइए. दिया तो ऊपर छूट गया. फिर दोनों उस अँधेरे से बाहर कैसे निकलीं?"

 मावशी त्या दाराकडे वळली. मग तिथल्याच एका खोक्यावर बसली, मांडीवर वही उघडली आणि कुणाकडेही न बघता हात पुढे केला.

"पेन आहे का रे कुणाकडे?"