करीच्या दिवसाची केस

दारव्ह्याच्या कोर्टाबाहेर माझं टेबल आहे. वरचा पत्रा गळतो. त्या दिवशी सर आली आणि मी फायली कोटाखाली धरून उभी राहिले, तेव्हा कुणीतरी न विचारताच टेबलाचं एक टोक उचललं.

"धरा ना मॅडम तिकडून! वकील भिजला तं चालते, कागद नाही भिजला पाहिजे."

टेबल कोरड्यात आलं. तो हसला. पापण्यांवर पाणी होतं… मी नजर काढून घेतली, पण जरा उशिरा.

"मी राजकुमार. तुमचा पक्षकार हाये. म्हणजे… घेतलं तं."

"केस काय?"

हसू उतरलं. "दारू पिऊन गाडी चालवली. पहिल्यांदाच."

"सगळे पहिल्यांदाच म्हणतात."

"मंग त्या सगळ्यात मी एकटा खरा."

मी खुर्ची पुसत राहिले. टेबल बाबांचं. वामनराव वकील. फेब्रुवारीत यवतमाळ रोडवर त्यांना एका दारू प्यायलेल्या मोटरसायकलवाल्याने उडवलं, त्यातच ते गेले. त्याचीही म्हणे पहिलीच वेळ होती.

राजकुमार सांगत होता. पोळ्याची कर होती, म्हणजे सणाचा दुसरा दिवस. मामाने स्वतःच्या हाताने गिलास पुढे केला. करीच्या दिवशी मामाच्या हातचा गिलास त्यांच्या तांड्यात परत करत नाहीत. मामाच्या घरापासून तांडा दोन किलोमीटर, आणि मधे नाकाबंदी. "याडी चार दिवस बोलली नाही माह्याशी," तो म्हणाला. आईला बंजारे याडी म्हणतात. एसटीच्या चालक भरतीत त्याचं नाव यादीत होतं, म्हणून शिक्षा झाली की गेलं, ही धास्ती.

मी कागद पाहिले. श्वास तपासल्याच्या चिठ्ठीवर वेळ नव्हती, त्याची सही नव्हती. रक्त घेतलंच नव्हतं. केस लढण्यासारखी होती. आणि लढायचं नसेल तरी आणखी एक रस्ता होता: गुन्हा कबूल करून, पहिलीच चूक म्हणून, चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडा अशी विनंती करायची. तशी सुटका झाली तर तो गुन्हा नोकरीच्या आड येत नाही. बाबांनी असे कितीतरी सोडवले होते.

"दोन रस्ते आहेत," मी म्हणाले. "कबूल करा, आज संपेल. नाहीतर वर्षानुवर्षं तारखा."

चिठ्ठीबद्दल बोलले नाही. बंधपत्राबद्दलही नाही.

"तुम्ही म्हणान तसं."

त्याने कबूल केलं. दंड झाला, लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं.

तरी तो येत राहिला. कधी तांड्यावरची सीताफळं, कधी नुसताच.

"केस संपली ना, राजकुमार?"

"संपली. पण मले कोर्टाची सवय लागली. वाईट असते ना सवय?"

"फार वाईट."

"मंग सोडवा. तुम्हीच वकील हा."

मी हसायचे. बाबा गेल्यानंतर मी हसत नव्हते, हे मला त्याच्यासमोर हसताना कळलं. आणि रोज वाटायचं—उद्या सांगू.

निकालानंतर सव्विसाव्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. उभाच राहिला.

"रविवारी कळंबले येता? चिंतामणीच्या दर्शनाले. याडी येऊन राह्यली… तुम्हाले पाहाले."

हो अगदी ओठांवर होतं. तेवढं म्हटलं असतं तर त्याला कधीच काही कळलं नसतं.

"बसा," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, बंधपत्र, बाबा.

त्याने समोरचा चहाचा गिलास बाजूला सरकवला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही माह्याकडं पाहत होत्या, आन् तुम्हाले तो दिसत होता."

"हो."

"मी पेलो होतो मॅडम, हे खरंच हाये. तुम्ही सगळं सांगतलं असतं तरी मी कबूलच केलं असतं… का नसतं केलं, माईत नाही." त्याने मान वर केली. "पण मले विचारायले पाहिजे होतं ना."

मी त्याची फाईल काढली.

"अपिलाच्या मुदतीचे चार दिवस उरलेत," मी म्हणाले. "शिक्षेपुरतं अपील होतं, बंधपत्र मागता येतं, नोकरी वाचू शकते. मिळेलच असं नाही. माझी चूकही त्यात लिहायला सांगा. यवतमाळला तानाबाई राठोड वकील आहेत, त्यांच्याकडे आजच जा." दुसऱ्या वकिलाला हरकत नसल्याची सही करून मी फाईल पुढे ढकलली. सही बाबांसारखी वळणदार आली नाही.

"आता तुम्ही माह्या वकील नाही?"

"नाही."

"मंग कोन?"

"तुम्ही मला आवडता," मी म्हणाले. "हे आधी सांगायला हवं होतं की ते, मला कळलं नाही."

त्याचे डोळे भरले. त्याने फाईल घेतली. कळंबचं नाव पुन्हा निघालं नाही.

समोर यवतमाळची जीप उभी होती. तो मागच्या बाकावर, दाराशी बसला. सवारी भरेपर्यंत जीप हलत नाही. वीस-पंचवीस मिनिटं तो तिथे होता, मी इथे. मधे दहा पावलांचा ओला रस्ता. कुणीच उठलं नाही.