फाटकाचं आवतन

ठेकेदारांच्या बंगल्याचं विजेचं फाटक अर्धवट उघडून थांबलं होतं. फट अशी, की एका वेळी एकच माणूस जाईल. आणि त्या संध्याकाळी नेमकी दोन माणसं तिथं समोरासमोर आली... बाहेरून कुंता, डोक्यावर भरली घागर. आतून मनसाराम, हातात हत्यारांची पिशवी.

"सरका ना भाऊ, मान दुखून राह्यली."

"मी सरकतो बाई. हे फाटकच सरकून नाई राह्यलं."

तो अंग चोरून बाजूला झाला. ती आत शिरली तशी घागर हिंदकळली आणि गार पाणी त्याच्या मानेवर सांडलं. कोळशाच्या खाणीवर लागोपाठ दोन पाळ्या करून आलेला माणूस तो. डोळे मिटून उभाच राहिला.

"लागलं का काही?" कुंतानं घाबरून विचारलं.

"नाई... अजून थोडं सांडलं असतं तरी चाललं असतं."

कुंता हसली. मग आपण हसलो हे लक्षात येऊन भरभर निघून गेली.

बल्लारपुरात असं फाटक दुसरं नव्हतं. गुणवंतराव लाकडाचे ठेकेदार. कलकत्त्याला कुठंसं पाहून आले आणि मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात खाणीवरच्या वायरमन मनसारामकडून बसवून घेतलं. बटण दाबलं की मोटर फिरायची. मोटरीवरचा चामड्याचा पट्टा मोठं चाक फिरवायचा, आणि चाकाची साखळी फाटकाला रुळावरून ओढून न्यायची. बटण दाबायला कुंताचे वडील, रामाजी. जन्मभर त्यांनी ठेकेदारांच्या बैलबंड्या हाकल्या. गुडघे गेले तेव्हा फाटकापाशी स्टूल मिळालं, आणि बंगल्यामागची एक खोली.

त्या संध्याकाळी मनसारामनं फ्यूज पाहिला, तारा पाहिल्या. वीज ठीक होती, मोटर फिरत होती. रुळात पावसाचा चिखल साचला होता, तो त्यानं खरवडून काढला. फाटक हातभर सरकलं आणि त्याला वाटलं, झालं. थकलेला माणूस पहिलं सापडलेलं कारणच खरं धरतो.

दुसऱ्या दिवशी फाटक पुन्हा अडलं. गुणवंतराव चिडले.

"म्हाताऱ्यानंच काहीतरी बिघडवलं असंल. आज रात्रीपर्यंत चाललं तर ठीक. नाई तर उद्यापासून फाटकावर दुसरा माणूस." एवढं बोलून ते मोटारीनं राजुऱ्याला गेले.

दुसरा माणूस म्हणजे खोलीही त्याचीच. रामाजी स्टुलावर बसल्या बसल्या गुडघे चोळत राहिले.

संध्याकाळी मनसाराम आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळजी होती की कोळसा, ते कळत नव्हतं. कुंतानं न विचारता चहाची कपबशी पुढं केली.

"परवा पोळ्याले घरी नाई गेले तुमी?"

"पाळी होती. सिंदेवाहीले माय वाट पाहत राह्यली... पोळ्याचं जेवण चुकलं यंदा. खानावळीत पुरणपोळी कुठी?"

त्यानं चहाचा घोट घेतला. साखर जरा जास्तच पडली होती.

त्यानं खांदा लावून फाटक ढकलून पाहिलं, दोनदा, तीनदा. रूळ मोकळा होता. मग त्यानं मोटरीवरची लाकडी पेटी उघडली. पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि तसाच थांबला.

"कुंताबाई... हे पाहा बरं."

बोटाला पिवळं लागलं होतं. तिनं वास घेतला. लोणी आणि हळद! पेटीच्या तळाशी पळसाचं एक सुकलेलं पान होतं. ते पाहताच तिची नजर स्टुलाकडं गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी अशाच पानानं बैलांचे खांदे मळतात... ठेकेदारांनी बैल तर दोन वर्षांपूर्वीच विकले होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे काऊन केलं तुमी?"

रामाजींनी मान वर केली नाही.

"वर्षभर फाटक ओढून राह्यली मोटर बिचारी. जोखड काय, पट्टा काय... ओढणाऱ्याचा खांदा दुखतेच ना पोरी. अन् या घरात मले खांदे मळाले दुसरं होतं तरी कोन?"

कुंतानं पदर घट्ट धरून मनसारामला विचारलं, "सांगाल साह्यबाले?"

"आधी फाटक तर चालू द्या," मनसाराम म्हणाला. "घरात राळ हाय का? धूप घालाची?"

ती धावत जाऊन घेऊन आली. दोघांनी मिळून कोरड्या राखेनं पट्टा घासून घासून पुसला. मग तिनं राळ कुटली, त्यानं ती पट्ट्यावर चोळली. मधेच बोटांना बोटं लागली. तिनं हात काढून घेतला... पण लगेच नाही.

"रामाजीभाऊ," चोळता चोळता तो म्हणाला, "बैलाचा खांदा सोलते, म्हून त्याले लोणी. पट्टा घसरते, म्हून त्याले राळ. माया दोघांवर करा, पन ज्याले जे लागते तेच द्या."

रामाजींनी शहाण्या पोरासारखी मान डोलावली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. रामाजींनी बटण दाबलं. पट्टा एकदा कुरकुरला... मग त्यानं चाक धरलं. फाटक सरसर उघडलं.

"कोनाची चूक होती?" उतरताच गुणवंतरावांनी विचारलं.

कुंतानं मनसारामकडं पाहिलं.

"माझी," मनसाराम म्हणाला. "पट्टा घसरत होता. त्याले काय लावाचं, काय नाई, हे बसवताना रामाजीभाऊले सांगाचं राहूनच गेलं. आज सांगितलं. आता समजलं त्यायले."

गुणवंतरावांनी मनसाराम आणि रामाजींकडं आळीपाळीनं पाहिलं. "मग दर इतवारी येऊन पाहून जाय. अन् बुढ्याले नीट शिकव."

ते आत गेले. मनसाराम पायरीवर बसला आणि खांदा दाबू लागला. ढकलून ढकलून तो लाल झाला होता. कुंता वाटीत कोमट तेल-हळद घेऊन आली, सोबत पळसाचं ताजं पान. वाटी त्याच्याजवळ ठेवली आणि खाली पाहत म्हणाली,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तो बघतच राहिला. हे तर पोळ्याला बैलांना म्हणायचं आवतन!

"मले बैल समजली काय?"

"नाई." ती हसली, पण डोळे भरले होते. "ओढणाऱ्याचा खांदा दुखते म्हनतात... तुमचा कोनी पाह्यला नसंल यंदा. पुरण शिजवून राह्यली उद्या."

"अन् इतवारी?"

"इतवारी तर याचंच हाय तुमाले. साह्यबाचा हुकूम हाय."

"अन् त्याच्या पुढं?... जन्मभराचं आवतन भेटंल का?"

कुंतानं स्टुलाकडं पाहिलं. रामाजी पाठ फिरवून फाटकाकडं बघत होते, पण त्यांची मान हळूहळू डोलत होती.

"भेटंल," ती म्हणाली. फाटकाच्या फटीत म्हटलेलं 'भाऊ' ती विसरली नव्हती... या वेळी तिनं ते मुद्दाम गाळलं.