चित्रातला नारिंगी ठिपका

"पुसलंस त्याला? तूच पुसलंस?"

आजोबा माझ्या मावशीवर ओरडत होते. भर दुपारी.

हे खरंच घडलंय. पटत नसेल तर इथंच थांबा, मला वाद घालायचा नाही.

मावशी संग्रहालयात जुनी चित्रं साफ करते. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, हलक्या हातानं फिरवायचा. हो, थुंकीनंच. मळ निघतो, रंग राहतो. त्या दिवशी तिनं घरचंच चित्र घेतलं. आजोबांनी काढलेलं, ते इम्प्रेशनिस्ट म्हणतात तसलं... जवळून नुसते फटकारे, लांबून पहाटेचा समुद्र आणि पाण्यावर हलणारा उजेड.

नाक टेकवून पुसताना तिला क्षितिजाशी एक नारिंगी डाग दिसला. चुकून उडालेला रंग असेल म्हणून तिनं नखानं सोडवून पुसून टाकला. मागं सरून बघितलंच नाही.

तो मामाच्या होडीवरचा कंदील होता.

मामा चित्रातल्या त्या पहाटे होडी घेऊन गेला तो गेलाच. तेव्हापासून आजोबा चित्रासमोरच्या खुर्चीत. त्यांचं जेवणखाण, अंघोळ, औषधं, सगळं मावशी करते. त्या भांडणात ते तिच्याशी जेवढं बोलले, तेवढं कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

दुसऱ्या दुपारी ठिपका परत आला...

पण क्षितिजावर नाही. अलीकडं.

परातीतल्या पाण्यावर ऊन पडलं की छतावर उजेड नाचतो ना, तसा नाचत होता. पडदे बंद. खोलीत पाण्याचा थेंब नाही.

वल्ह्याचा आवाज... डुबुक... डुबुक...

मग आवाज थांबला.

आजोबा स्वतःहून उठले. चपला मागितल्या. म्हणाले, "पोरगा न्यायला येतोय."

"आणि मी?" मावशीनं विचारलं.

ते ठिपक्याकडंच बघत होते.

तिनं काडीला कापूस गुंडाळला. या वेळी जाणूनबुजून पुसलं. कापूस नारिंगी झाला. दुसरा कापूस ओला करायला गेली तर तोंड खारट... आजोबा मटकन खाली बसले. तिला शिव्या घातल्या. पण राहिले.

तेव्हापासून हे रोजचंच. ठिपका रोज किनाऱ्याच्या आणखी जवळ उगवतो, ती रोज पुसते. माझी आई तिला म्हणाली, जाऊ दे ना त्यांना, सुटशील तरी. मावशी म्हणाली, एकदा माझ्याकडं बघू देत, मग जाऊ देत.

आत्ता तिचा फोन आला होता. तोंडाला कोरड पडलीय, थुंकीच सुटत नाही, आणि ठिपका वाळूला लागलाय.

फोनमध्ये तिच्या मागून कुणीतरी चपला मागत होतं...

आवाज आजोबांचा नव्हता, तरुण पोराचा होता.

मला आत्ता निघायला हवं.