आठवणीचा भाव

नागपूरच्या बाजार-प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी सबनीस यांनी तीन संगणक ठेवले होते. कृत्रिम स्वादुपिंडाच्या औषधकुप्या देशात तीनच कंपन्या बनवत. हेमांगीचे पती निरंजन त्याच कुप्यांवर जगत होते. तिन्ही कंपन्यांचे भाव एकदमच चढत, म्हणून स्पर्धा आयोगाला गुप्त कराराचा संशय होता.

तिन्ही कंपन्यांची भावयंत्रे, म्हणजे भाव ठरवणारे प्रोग्राम, तिने एकमेकांपासून तोडून चालवली. त्यांना फक्त एकमेकांचे जाहीर भाव दिसत. तरीही भाव चढतच गेले.

"करार नाहीच," तिने आयोगाचे अध्यक्ष युनूस मुजावर यांना सांगितले. "एकाने भाव उतरवला की बाकीचे त्याहून खाली जातात. झालेला तोटा ते यंत्र विसरत नाही. पुन्हा उतरवत नाही. खेळाडू थोडे आणि स्मरणशक्ती चांगली, एवढं पुरतं."

उपायही तिनेच सुचवला. सरकारने चौथा कारखाना काढावा. त्याच्या यंत्राने इतरांकडे पाहूच नये. खर्चावर थोडी भर घालून भाव लावावा. कारखाना निघाला, कुप्या निम्म्या भावात आल्या. निरंजन यांनी कित्येक महिन्यांनी पूर्ण मात्रा घेतली.

मग तिन्ही कंपन्या त्याहूनही खाली उतरल्या. रुग्ण तिकडे वळले. चौथ्याची विक्री घटली, तसा दर कुपीमागे खर्च वाढला आणि नियमाप्रमाणे त्याचा भावही. कारखाना बंद पडायच्या बेताला आला. तो बंद पडला की तिघांचे भाव पुन्हा चढणार होते.

हेमांगीने चौथ्याचे यंत्र पुन्हा पुन्हा तपासले. त्यात चूक नव्हती. एका संध्याकाळी घरी निरंजन नवी कुपी बसवत होते. ती तिघांपैकीच एका कंपनीची होती.

"स्वस्त मिळाली," ते सहज म्हणाले.

ती खुर्चीत बसली. या खेळात आणखी एक खेळाडू होता आणि तिने तो मोजलाच नव्हता. त्याला कालचे काही आठवत नसे. आज जिथे स्वस्त, तिथे तो जाई. हे त्या तिन्ही यंत्रांनी तिच्याआधी ओळखले होते.

पुढच्या आठवड्यात तिने रुग्णांची सभा बोलावली. सगळ्यांनी वर्षभर चौथ्या कारखान्याचीच कुपी घ्यावी, असे तिने सुचवले. सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "स्वस्त समोर असताना महाग घ्यायची? का म्हणून?"

"म्हणजे त्यांच्या यंत्रांना कळेल," हेमांगी म्हणाली, "की आपणही लक्षात ठेवतो."

बाईंनी होकारार्थी हात वर केला.