ठिपक्यांतला दादा

काम तसं नेहमीचंच होतं. जुनं नाट्यगृह उद्या पाडणार होते. त्याआधी ते आतून मोजून संगणकात जसंच्या तसं उभं करायचं, म्हणजे पुढच्या पिढ्यांना निदान पडद्यावर तरी त्यात फिरता येईल. तिवईवरचा स्कॅनर गरगर फिरतो आणि भिंती, खांब, खुर्च्या लाखो ठिपक्यांनी टिपतो. मध्ये माणूस आला, तर त्याचाही डाग उमटतो. तो नंतर पुसायचा.

स्कॅनर दादाचा, पुसणं त्याच्या धाकट्या बहिणीचं. आणि दादा म्हणजे एक नंबरचा वेंधळा, हटकून मध्ये कडमडायचा. "पुस गं छोटे, माणूस म्हणजे कचरा!" असं म्हणून वर खो खो हसायचा. तीही पुसायची. किती किल्ले, किती पूल, किती गिरण्या, सगळ्यांतून तिने त्याला पुसलं. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. त्या इमारती जपल्या गेल्या, दादा मात्र कुठेच उरला नाही. हेच तिच्या जिवाला लागलं होतं.

आज ती एकटीच आली होती. बाहेर भर दुपार, आत मात्र डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. जुन्या मखमलीचा कुबट वास येत होता. स्कॅनरची पहिली फेरी झाली. संगणकाच्या पडद्यावर, खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत एक डाग दिसला. हाताला सवयच ती, तिने तो पुसून टाकला.

आणि मग काळजात चर्र झालं. डागाचा डावा खांदा खाली झुकलेला होता, तिवई वाहून वाहून दादाचा झुकला होता तसाच.

"दादा...?"

तिसऱ्या रांगेत एक खुर्ची करकरली.

तिने स्कॅनर पुन्हा सुरू केला, पिशवी उचलली आणि त्या खुर्चीच्या शेजारी जाऊन बसली. चपला काढून पिशवीसकट खुर्चीखाली सरकवल्या. दोघांचं मिळून एक तरी चित्र हवं होतं तिला.

"मी तुला पुसलं रे... सगळीकडून पुसलं. आता नाही पुसणार. फक्त... हलू नकोस."

स्कॅनर फिरू लागला. कानाशी गार श्वास लागला. वळावंसं फार वाटलं, पण वळलं की चित्र बिघडणार. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी ती हलली नाही.

फेरी संपल्यावर तिने उठून संगणकाचा पडदा पाहिला. दादा होता! शर्टाच्या लोंबत्या बटणासकट, अगदी स्पष्ट. हसत होता. त्याचा हात शेजारच्या खुर्चीवर होता, पाटी पुसताना असतो तसा.

त्या खुर्चीखाली तिच्या चपला होत्या, पिशवी होती. खुर्चीवर ती स्वतः नव्हती. कडा इतक्या सफाईने पुसल्या होत्या, की तिलाही तसं जमलं नसतं.