राहणं – लिव्ह की स्टे?

ठकीनं दार उघडलं, समोरच्या माणसाच्या हातातली अवजारांची पेटी पाहिली आणि म्हणाली, "आलात एकदाचे! या, गळका नळ आत आहे."

तो बिचारा मुकाट्यानं आत आला. शर्ट कोपरापर्यंत भिजवून त्यानं नळ दुरुस्त केला आणि हात पुसता पुसता हळूच म्हणाला, "आता... वरच्या खोलीची किल्ली मिळेल का? मी नवा भाडेकरू."

ठकीला कुठे तोंड लपवू असं झालं. आतून सगळं ऐकणारी तिची आत्या मात्र पोट धरधरून हसली.

तो होता पूल बांधणारा इंजिनिअर, म्हणून आत्यानं त्याचं नाव ठेवलं 'पूलवाले'. नदीवरचा पूल झाला की तो दुसऱ्या गावी जाणार होता. ठकी शाळेत इंग्रजी शिकवते हे कळल्यावर एका संध्याकाळी त्यानं तिला जिन्यातच गाठलं.

"मॅडम, परदेशी कंपनीत मुलाखत आहे, फोनवर. माझं इंग्रजी जरा... गंजलंय."

शिकवणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाली.

"'आय लिव्ह हिअर' नाही," ठकी म्हणाली. "तुम्ही म्हणायचं, 'आय अ‍ॅम स्टेइंग हिअर.' मराठीत दोन्ही राहणंच. पण स्टे म्हणजे पाहुण्यासारखं, चार दिवस. लिव्ह म्हणजे जिथं आपलं घर आहे तिथं."

"आणि 'आय अ‍ॅम लिव्हिंग'?"

"ते मधलं. सध्यापुरतं. उद्याचं माहीत नाही."

"आणि कुणी निघालंय, त्याला थांब म्हणायचं असेल तर?"

"तेव्हा... स्टेच."

"म्हणजे चार दिवसांच्या पाहुण्यालाही स्टे, आणि कायमचं थांबवायलाही स्टे?" त्यानं वहीतून मान वर केली. "ऐकणाऱ्यानं समजायचं तरी काय?"

एरवी हा धडा ठकी झोपेतसुद्धा शिकवेल. पण त्या नजरेपुढं "वाक्यावरून कळतं," असं पुटपुटत तिनं त्याचा कप उचलला आणि विसळून टाकला. त्यातला चहा त्यानं प्यायलाच नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी ती जिन्यात कान देऊन उभी होती. फोनच्या स्पीकरवरून प्रश्न आला – व्हेअर डू यू लिव्ह?

"आय लिव्ह हिअर," तो खणखणीत आवाजात म्हणाला.

ठकीनं कपाळावर हात मारला. इतकं घोकून घेतलं, तरी...! की मुद्दाम म्हणाला? छे, मुद्दाम कशाला? पण मग आवाज एवढा ठाम कसा? विचार करकरून तिच्या डोक्याचा पार भुगा झाला.

आठवड्यानं तो धडाधड जिना उतरत आला. "मिळाली नोकरी!"

आत्यानं त्याची पाठ थोपटली. ठकी "अभिनंदन" म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर निघून गेली. तिथं एक चादर ती उगाचच जोरजोरात ओढू लागली.

तो मागोमाग आलाच. "रागावलात?"

"छे!"

"मग त्या चादरीशी का भांडताय?"

"तुमचं मुलाखतीत चुकलं," ती पाठमोरीच म्हणाली. "लिव्ह म्हणालात."

"चुकलं नाही. मला तेच म्हणायचं होतं." त्यानं चादरीचं दुसरं टोक धरलं. "कितीतरी गावांत राहिलो, मॅडम. पण खालून तुमचा आवाज आला, की घरी आल्यासारखं वाटतं... ते फक्त इथंच."

"मग निघालास कशाला?" तिच्या तोंडून निसटलं. "जाऊ नको ना!"

"पण... मी कुठे निघालोय? पुलांचे आराखडे तपासायची नोकरी आहे. इथूनच, वरच्या खोलीत बसून!"

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही... तू विचारलंस कुठे?"

ठकीचे कान लालबुंद झाले. "मी बोलले ते मागे घेतेय."

"खुशाल घे. माझं पाठ झालंय."

खालून आत्याची हाक आली, "ठके, वाळले का गं कपडे?"

कडकडीत वाळलेल्या चादरीत तोंड लपवत ठकी ओरडली, "नाही गं आत्या... अजून ओलेच आहेत. वेळ लागेल!"